वूफरच्या ठोक्याला डेक बंद पडतो, दुरुस्त केला की पंधरा दिवस चालतो, मग पुन्हा तेच

मेहुण्याचा फोन आला की हल्ली मी "काय झालं" असं विचारत नाही. "भाऊजी, डेक पुन्हा बंद पडून राह्यला ना" हे वाक्य, म्हणजे त्याच्या गाडीतल्या म्युझिक सिस्टीमची तक्रार, जुलै ते ऑक्टोबर या चार महिन्यांत मी चार वेळा ऐकलं. लक्षण दर वेळी तेच. संध्याकाळी गाडी वर्धा रोडला लागली, हेडलाइट आणि एसी सुरू आहेत, आवाज जरा वाढवला, आणि वूफरचा ठोका जोरात पडला की डेकचा पडदा काळा. दहा-बारा सेकंदांनी डेक नव्यानं सुरू होतो, गाणं पहिल्यापासून लागतं, पुढच्या ठोक्याला परत अंधार. हळू आवाजात दिवसभर चालवा, काही तक्रार नाही.

गाडी सेकंडहँड, छोटी हॅचबॅक. बाहेरून बसवलेला अँड्रॉइड डेक, ड्रायव्हरच्या सीटखाली अँप (वूफरला ताकद देणारा अँप्लिफायर), डिकीत एक वूफर. या चार महिन्यांत एका दुकानानं डेक बदलला, दुसऱ्यानं अँपला कपॅसिटर लावून दिला, तिसऱ्यानं "भाऊ, बॅटरीच गेली तुमची" म्हणून नवी बॅटरी घ्यायला लावली. गंमत अशी की तिन्ही वेळा गाडी बरी झाली. पंधरा दिवस, फार तर तीन आठवडे. मग पुन्हा फोन.

खरं तर हे पंधरा दिवसच दोष ओळखायला सगळ्यात जास्त कामी आले. डेक, कपॅसिटर आणि बॅटरी अशा तीन वेगळ्या वस्तू बदलून एकच दोष प्रत्येक वेळी थोडे दिवस जात असेल, तर तो त्या वस्तूंमध्ये नाही. तिन्ही दुकानांनी नकळत एकच काम केलेलं असणार. सीट सरकवली असेल, कार्पेट उचललं असेल, वायर ओढून पाहिली असेल, जाता जाता बोल्ट आवळला असेल. गंजलेला सांधा हलवला की गंजाचा पापुद्रा खरवडला जातो, धातूला धातू टेकतो आणि दोष दडी मारतो. दुकानदाराला वाटतं आपण लावलेल्या वस्तूनं काम झालं, आणि तो खोटंही बोलत नसतो.

आधी काही हलवू नका

म्हणून चौथ्या वेळी गाडी माझ्याकडे आली तेव्हा मी मेहुण्याला पहिलं सांगितलं, "कशालेच हात नको लावू बे." दोष हजर आहे तोवरच मोजून घ्यायचं. कार्पेट नंतर.

लागतं काय, तर एक साधा डिजिटल मल्टीमीटर, बॅटरीपासून डेकपर्यंत पोचेल अशी चार-पाच मीटर सुटी वायर आणि पेन ड्राइव्हमध्ये ५० हर्ट्झचा सलग सूर. हा सूर महत्त्वाचा आहे. साधा मीटर सेकंदाला दोन-तीन वेळाच आकडा बदलतो. वूफरचा ठोका त्याहून लहान असतो, त्यामुळे गाणं लावून मोजलं तर खाली गेलेला व्होल्टेज मीटरला दिसतच नाही. सलग सुरावर अँप एकसारखा करंट ओढतो आणि आकडा थांबून वाचता येतो. फक्त एका वेळी वीस-तीस सेकंदांपेक्षा जास्त वाजवू नका, वूफरची कॉइल तापते. आवाज डेक बंद पडतो त्याच्या जरा खाली ठेवा. इंजिन सुरू ठेवून मोजायचं असल्यानं गाडी उघड्यावर काढा, हँडब्रेक ओढा.

मीटरही एकदा पडताळून घ्या. नवा दीड व्होल्टचा सेल लावून १.५ ते १.६ आला की पुरे. मे २०२४ च्या शेवटी आपल्या नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश दाखवले होते, आठवतं ना? देशभर बातमी झाली, आणि शेवटी सेन्सरच बिघडलेला निघाला. मीटरचा सेल उतरला की तोही असाच काहीच्या काही आकडे दाखवतो, आणि माणूस चांगल्या वायर कापत बसतो.

आता आकडे. इंजिन, हेडलाइट, एसी सुरू. बॅटरीच्या दोन टोकांवर १३.९ व्होल्ट. अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा) चालू असताना १३.८ ते १४.४ च्या दरम्यान असावेत, म्हणजे तो ठीक. डेकच्या मागे पिवळी (प्लस) आणि काळी (मायनस) वायर यांच्यात १३.२. आताच ०.७ कमी आहेत, पण एवढ्यावर कोणी डेक काढत नाही. मग सूर लावला. बॅटरीवर १३.७, डेकपाशी १०.१.

बॅटरी जागची हलत नाही आणि डेकपाशी साडेतीन व्होल्ट गायब. नवी बॅटरी घ्यायची गरज नव्हती हे इथेच कळलं. कपॅसिटरचीही नव्हती. अनेक डेकच्या माहितीपुस्तकात चालण्याची मर्यादा १०.८ ते १५.१ व्होल्ट लिहिलेली असते. सलग सुरावर १०.१, तर खऱ्या ठोक्याला त्याहून खाली जाणारच. डेक बंद पडत होता तो बिचारा नियमानं.

साडेतीन व्होल्ट कुठे गेले ते शोधायला वायरीच्या दोन बाजू वेगळ्या मोजायच्या. बॅटरीचं प्लस ते डेकची पिवळी वायर, मीटर व्होल्टवरच ठेवून, सूर चालू असताना: ०.२. चांगलं आहे. बॅटरीचं मायनस ते डेकची काळी वायर: ३.४. इथेही ०.२ सारखाच छोटा आकडा हवा होता. बेरीज जुळते का पाहा, १३.७ मधून ०.२ आणि ३.४ वजा केले की १०.१ उरतात. बेरीज जुळली की निम्मी गाडी तपासून झाली. दोष अर्थिंगमध्ये, म्हणजे गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या मायनसकडे करंट परत जाण्याच्या वाटेत आहे, आणि प्लसच्या एकाही वायरीला हात लावायची गरज नाही.

पण अँपनं करंट ओढला तर डेकच्या अर्थिंगवर व्होल्टेज का चढावा? दोघांचा रस्ता वेगळा असतो. मेहुण्याला विचारलं तेव्हा जूनमधली एक गोष्ट निघाली, जी त्याच्या लेखी या तक्रारीत धरण्यासारखी नव्हती. इंजिनचा वेग वाढला की स्पीकरमधून शिट्टी वाजायची. त्यावर इलाज म्हणून डेकची काळी वायर डॅशबोर्डमधून काढून सीटखाली अँपच्याच बोल्टवर नेली होती. शिट्टी कमी झाली. सगळ्यांचं अर्थिंग एका ठिकाणी आणणं हा सल्ला मुळात चुकीचा नाही, पण तो बोल्ट चांगला हवा. बोल्टच खराब असला की अँपचा सगळा करंट त्या अडलेल्या वाटेनं जातो आणि त्याच वाटेवर बसलेल्या डेकच्या काळ्या वायरीचा व्होल्टेजही वर उचलतो, म्हणजे डेकला तेवढे व्होल्ट कमी मिळतात.

आणखी एक योगायोग. या गाडीची एफएम अँटेना केव्हाच तुटलेली, तिची पिन डेकमागे सुटी लोंबत होती. ती लावलेली असती तर तिच्या जाळीतून डेकला दुसरं अर्थिंग मिळालं असतं आणि हा दोष आणखी महिनाभर सापडला नसता.

बीप वाजला म्हणजे वायर चांगली, असं नाही

बोल्टपाशी पोचलो तेव्हा मेहुणा म्हणाला, "पण त्या दुकानवाल्यानं मीटर लावून दाखवलं होतं न भाऊजी, बीप वाजला होता." वाजला असेलच. बीपवाल्या जागेवर मीटर अगदी थोडासा करंट सोडून पाहतो, आणि वीस-तीस ओहमपर्यंतही बिनदिक्कत बीप देतो. वायरीची एक तार शिल्लक असली तरी बीप वाजेल. ओहममध्ये मोजलं तरी फायदा नाही, कारण मीटरच्या स्वतःच्या दोन लीड्सच ०.२-०.३ ओहम दाखवतात, आणि आपला दोषही तेवढाच आहे. १७ अँपिअर करंट आणि ०.२ ओहमचा सांधा, गुणाकार करा, ३.४ व्होल्ट. म्हणून अर्थिंग नेहमी करंट वाहत असताना व्होल्टमध्ये मोजायचं. घरचा नळ उघडल्याशिवाय दाब कळत नाही, तसंच.

शेवटचं माप सीटखाली घेतलं. एक लीड अँपच्या काळ्या वायरीच्या थिंबलवर (वायरीच्या टोकाचं, बोल्टखाली बसणारं धातूचं कडं), दुसरी शेजारी रंग खरवडून उघड्या केलेल्या पत्र्यावर. सूर चालू: ३.२ व्होल्ट. पत्रा ते बॅटरीचं मायनस: ०.१. सूर बंद करून थिंबलला बोट लावलं आणि लगेच काढलं. थिंबलवरची प्लास्टिक नळी तपकिरी पडली होती, ती बहुधा पहिल्यापासूनच तशी असेल, पण तिकडे कोणी वाकून पाहिलं नव्हतं.

आता कार्पेट उचललं. खाली वाळलेल्या गाळाचा पातळ थर, फोमला कुबट वास, आणि वायरीच्या तांब्यावर हिरवा गंज थिंबलच्या आत दोन बोटं गेलेला. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा उभ्या असलेल्या किती गाड्या भिजल्या ते सगळ्यांनी पाहिलंय. ही गाडी त्यानंतर काही महिन्यांनी घेतलेली. विकणाऱ्यानं काही सांगितलं नाही, आपणही विचारलं नाही. नागपुरात त्या पावसानंतरची कुठलीही जुनी गाडी घेताना सीटखालचं कार्पेट एकदा उचलून बघा, एवढं मात्र आता मी प्रत्येकाला सांगतो.

दुरुस्ती मोजमापाच्या मानानं अगदी साधी होती. इंजिन बंद, बॅटरीचं मायनस आधी काढलं. सीटखाली पिवळ्या नळीतल्या किंवा पिवळ्या कपलरच्या वायर दिसल्या तर त्या एअरबॅगच्या आहेत, त्यांना मीटरही लावायचा नाही, कपलरही ओढायचा नाही. गंजलेली वायर चकचकीत तांबं लागेपर्यंत कापली, पण गंज इतका आत गेला होता की शेवटी पूर्ण वायरच बदलली. जुनी वायर तशीही तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमची निघाली. सुरीनं तार खरवडली की आत पांढरं दिसतं. अशी वायर तांब्याच्या मानानं साधारण ६५ टक्केच करंट वाहते, आणि ओलाव्यात लवकर कुजते. स्वस्त किटमध्ये बहुतेक हीच येते.

नवी जागा म्हणून सीटबेल्टचा किंवा सीटचा बोल्ट घेऊ नका. सोपा दिसतो, पण जीव वाचवणारा बोल्ट आहे तो, त्याच्याखाली थिंबल घालून त्याची पकड कमी करायची नाही. मी बॉडीवरचा कंपनीचा अर्थिंगचा बोल्ट वापरला. नवं भोक पाडायचंच असेल तर गाडीखाली वाकून पेट्रोलची आणि ब्रेकची नळी कुठून जाते ते पाहूनच ड्रिल हातात घ्या. थिंबलएवढी जागा पॉलिश पेपरनं चमकेपर्यंत घासायची, खाली दातेरी वॉशर, थिंबल नीट दाबून बसवलेलं, आणि आवळून झाल्यावर वरून रंग किंवा ग्रीस. आधी ग्रीस लावून मग आवळणारेही असतात, मला नंतर लावलेलं बरं वाटतं. वायर बॅटरीपासून अँपकडे येणाऱ्या मेन वायरीइतकीच जाड आणि अर्ध्या मीटरच्या आत. डेकची काळी वायर परत डॅशबोर्डमध्ये तिच्या मूळ जागी.

पुन्हा तोच सूर. थिंबल ते पत्रा ०.०२, डेकपाशी १३.४.

मग शिट्टी परत आली

येणारच होती. जूनमध्ये ती बुजवली होती, काढली नव्हती. इंजिनच्या वेगाबरोबर वर-खाली होणारी ही शिट्टी अल्टरनेटरची. आवाजाचं बटण शून्यावर नेऊनही ती तेवढीच राहते का ते पाहा. राहिली तर ती डेकच्या पुढे, म्हणजे पिन केबल (डेकचा आवाज अँपला नेणारी) किंवा अँपमध्ये शिरते आहे. अँप बंद करून पिन केबल त्याच्या टोकाला काढायची, मग अँप सुरू. शिट्टी गेली तर अँप निर्दोष, ती केबलीतून येते.

इथे गेली. मग केबलीच्या जागी छोट्या वायरीनं मोबाइल जोडून अँपला गाणं दिलं. मोबाइल चार्जरला लावायचा नाही, नाहीतर नवीच शिट्टी ऐकू येईल. आवाज स्वच्छ. म्हणजे केबल किंवा डेक. बहुतेक जण इथे केबल बदलतात किंवा बाजारात मिळणारं शिट्टी अडवणारं फिल्टर आणतात. ते फिल्टर चालतं, पण सोबत वूफरचा खालचा आवाजही थोडा खातं. त्याआधी एक माप घ्या: डेकच्या पिनच्या बाहेरचं गोल कडं ते डेकचा लोखंडी डबा, ओहममध्ये. जवळपास शून्य यायला हवं. आमच्याकडे मीटरनं जोड असल्याचंच दाखवलं नाही. डेकच्या आत पिनचं अर्थिंग जाणारी बारीक वाट जळलेली.

असं होतं कसं? मेन वायर जोडलेली आहे आणि अँपचं अर्थिंग सुटलं, तर अँप परतीचा करंट पिन केबलच्या जाळीतून ओढतो. ती जाळी तेवढ्यासाठी नसते. अर्थिंग काढून काम करताना घाईत कुठेतरी हे झालं असावं. म्हणून अँप बसवताना अर्थिंग सगळ्यात आधी, पिन केबल नंतर, आणि काढताना उलट. डेक उघडून ती वाट जोडता येते, पण मी पिनच्या कड्यापासून डेकच्या डब्याला एक बारीक वायर घट्ट जोडून दिली. शिट्टी गेली ती आजपर्यंत आली नाही.

आजूबाजूचे इतर दोष, थोडक्यात

चाबी बंद केली की घड्याळ आणि स्टेशनं विसरणारा डेक बहुतेक वेळा पिवळी आणि लाल वायर उलट जोडलेला असतो. पिवळीला कायम करंट हवा, लालला चाबी फिरवल्यावर. रंगावर विश्वास न ठेवता मीटर लावा, काही गाड्यांच्या कपलरमध्ये या दोन जागा मुळातच उलट असतात.

उलट तक्रार म्हणजे दोन दिवस गाडी उभी राहिली की सेल्फ लागत नाही. दोन्ही वायर पिळून एकत्र टेप मारलेली, किंवा अँपची निळी-पांढरी रिमोट वायर (डेक सुरू झाला की अँपला सुरू करणारी) थेट बॅटरीला दिलेली असते. सगळं बंद असताना गाडी ५० मिलीअँपिअरच्या आत ओढते, तेही इंजिन बंद करून वीस-तीस मिनिटांनी, गाडीचे संगणक झोपल्यावर. अर्धा अँपिअर चालू राहिला तर दिवसाला १२ अँपिअर-तास गेले. छोट्या गाडीची बॅटरी ३५ ची असते. हे माप घेताना मीटर १० अँपिअरच्या भोकात लावायचा आणि चाबीला हात लावायचा नाही, सेल्फ मारला की मीटरचा फ्यूज गेलाच.

फ्यूज वारंवार उडत असेल तर मोठा फ्यूज टाकणं हा इलाज नाही, आग लावायची तयारी आहे. मेन वायर इंजिनच्या भिंतीतून रबराशिवाय आत येते का पाहा, आणि पावसाळ्यात उंदीर. मेन फ्यूज बॅटरीपासून साधारण दीड फुटाच्या आत हवा, अँपपाशी नव्हे. तो वायर वाचवायला असतो.

वायरीच्या जोडावरच्या टेपेचं काय सांगावं. मे महिन्यात बंद गाडीत डॅशबोर्डमागे टेपेचा गोंद पातळ होऊन टेप घसरून येते, आणि उघडा जोड शेजारच्या वायरीला टेकतो. आपल्या गावात तरी जोडावर तापवून आवळणारी नळीच घाला.

दिवाळीनंतर मेहुण्याचा पुन्हा फोन. "भाऊजी, डेक नाही," त्यानं आधीच सांगून टाकलं, "डाव्या दाराचा स्पीकर कधी वाजते, कधी नाही." दार उघडून हलवलं की यायचा, जायचा. स्पीकर ३.४ ओहम, म्हणजे चांगला, चार ओहमचा स्पीकर मीटरवर ३.२ ते ३.८ दाखवतो. दार आणि बॉडी यांच्यातली रबरी नळी मागे सारली. आत पांढरी वायर शाबूत आणि काळ्या पट्टीची पांढरी तुटायच्या बेतात, एका तारेवर. वाटेतली दुकानं अशा वेळी काळ्या पट्टीची वायर बॉडीला लावून मोकळी होतात. तसं करू नका. आजच्या डेकमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरींवर डेकला मिळणाऱ्या व्होल्टेजच्या निम्मा, सहा-सात व्होल्टचा, दाब असतो, मायनस बॉडीला टेकलं की डेक आवाज बंद करतो किंवा आतला आयसी जातो. दोन इंच मऊ वायर मध्ये जोडली, जोड नळीच्या वाकणाऱ्या भागाच्या बाहेर घेतला, आणि दार वीस वेळा उघडझाप करून गाडी परत दिली.